डिस्लेक्सिया असलेला मुलगा आता इस्राएलच्या ज्यू हायस्कूलमध्ये जाणार, आधीच सांगावं की थांबावं?

म्हापशाची आई
नमस्कार सगळ्यांना, इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून विचारतेय, लांबलचक होईल पण सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, सासर अलिबागकडचं, मिस्टर हॉटेल लाइनमध्ये म्हणून लग्न झाल्यापासून गोव्यातच, मुलगा इथेच जन्मला. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्लिश मिडियम, इथे बहुतेकांचं असतं तसंच. तिसरीतच बाई म्हणालेल्या की वाचताना अडखळतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीतरी ठोकून देतो, पण टेस्टिंग झालं ते सहावीत, तेव्हा डिस्लेक्सिया निघाला, लिहिण्याचाही त्रास आहे. बोलण्यात मात्र कुणाला ऐकत नाही, आणि एकदा कानावर पडलेलं विसरत नाही.

तर आता ऑगस्टमध्ये आम्ही कायमचे इस्राएलला चाललोय, अश्दोदला, नणंद तिथे आहे. १ सप्टेंबरला तिकडच्या शाळा सुरू होतात, हा नववीत बसेल. नणंदेची मुलं सरकारी धार्मिक शाळेत आहेत, म्हणजे गणित सायन्स इंग्लिश सगळं असतंच, शिवाय तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, गेमारा म्हणजे धर्मनियमांवरच्या जुन्या वादचर्चा, आणि रोजची प्रार्थना. ती म्हणते यालाही तिथेच घाला, आपली माणसं आहेत. आणि डिस्लेक्सियाचं आत्ता तोंडातून काढू नका म्हणते, शिक्का बसतो, नवीन आलेल्या मुलांना तसंही सगळे सांभाळून घेतात, हिब्रू आली की मग बघू. मिस्टरांना ते पटलंय. मला पटत नाही पण का ते नीट सांगता येत नाही, घरात रोज वाद. दोन लिप्यांत जो धडपडतो त्याला आता तिसरी, तीही उजवीकडून डावीकडे. इथे असेपर्यंत काय काय करून घेऊ? आणि धार्मिक शाळा त्याला झेपेल का?

फोंड्याची रिसोर्स टीचर
ताई, नका लपवू. तुम्हाला जे सांगता येत नाहीये ना ते मी सांगते, मिस्टरांना वाचायला द्या हवं तर.

नवीन भाषेत पहिली दोन वर्षं सगळीच मुलं अडखळतात. तुमचा मुलगा अडखळला की शिक्षक म्हणणार नवीन आहे, येईल हळूहळू. तिसऱ्या वर्षी बाकीची मुलं पुढे गेलेली असतील, हा तिथेच, आणि तेव्हा कुणीतरी म्हणणार की मेहनत करत नाही. तोपर्यंत अकरावी आलेली असते. भाषा नवीन म्हणून अडतंय की मुळातच वाचनाचा त्रास आहे हे ओळखायचा खात्रीचा मार्ग एकच, मुलाच्या स्वतःच्या भाषेत तो काय करतो ते बघणं. तुमच्याकडे तो पुरावा आहे. जी भाषा तो जन्मापासून बोलतो त्या मराठीतही त्याला वाचायला जड गेलं. हे तिकडच्या कुठल्याच टीचरला आपणहून कळणार नाही कारण त्यांना मराठी येत नाही!

आता एक गोची. आपल्याकडच्या बऱ्याचशा टेस्ट इंग्लिशमधून होतात. नुसता तो रिपोर्ट दाखवलात तर म्हणतील इंग्लिश ही त्याची दुसरी भाषा, चुका होणारच. म्हणून मराठीचं वेगळं लिहून घ्या. देवनागरीत जसं लिहिलं तसंच वाचतात, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल इंग्लिशसारखं सरसकट चुकत नाही, ते हळू वाचतं, फार हळू, मात्रा भलत्या अक्षरावर देतं, रफार खातं, जोडाक्षर फोडून वाचतं. माणसं म्हणतात वाचता तर येतंय की! येतं, पण एका पानाला इतका वेळ लागतो की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. हे मोजून घ्या, मोबाईलवर त्याचं मोठ्याने वाचन रेकॉर्ड करा, तिसरी-चौथीच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नका, सोबत न्या.

टेस्टिंग सहावीतलं असेल तर नवीन करून घ्या. पर्वरीला सेतू हे मुलांसाठीचं सेंटर आहे, बांबोळीला आयपीएचबी म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, फक्त आजच नंबर लावा कारण वेटिंग असतं आणि ऑगस्ट लांब नाही. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी आली त्याचं सर्टिफिकेट वेगळं, ते इथल्या बोर्डाच्या सवलतींसाठी, तिकडे त्याचा फारसा उपयोग नाही. तिकडे लागतो तो सविस्तर रिपोर्ट, त्यात काय जमतं, काय जमत नाही, आणि शाळेने आजवर काय काय केलं आणि कशाचा फरक पडला. प्रश्न वाचून दाखवले तर मार्क किती वाढतात हे क्लास टीचरकडून शाळेच्या लेटरहेडवर लिहून घ्या. एवढं एक पत्र बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त काम करतं असा माझा अनुभव आहे. मग सगळ्याचं हिब्रू भाषांतर.

गेमारा वगैरे मला काही माहीत नाही, ते जाणकार सांगतील.

पेडण्याचा बाबा
आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो, मास्तरांच्या दोन छड्या बसल्या की सगळी अक्षरं दिसायला लागायची. आजकाल प्रत्येक भुरग्याला काहीतरी नाव चिकटवायचं. चांगली ट्यूशन लावा आणि मोबाईल काढून घ्या, सहा महिन्यांत वाचेल.

अश्दोदची मावशी
शालोम सगळ्यांना. मी मूळची पेणची, लहानपणी आईबापाबरोबर इथे आले, आता रिटायर्ड, पण पुष्कळ वर्षं इथल्या धार्मिक हायस्कूलमध्ये सायअत होते, म्हणजे ज्या मुलांना वर्गात मदत लागते त्यांच्या बाजूला बसणारी बाई. माझं मराठी जुनं आहे, हसू नका.

पेडण्याच्या भाऊंना आधी सांगते. आमचे हिल्लेल गुरू दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेलेत की लाजणारा शिकत नाही आणि तापट माणसाने शिकवू नये. छडीने अक्षर दिसत नाही भाऊ, छडीने पोरगा विचारायचा बंद होतो.

आता तू बाय. फोंड्याच्या मॅडमनी सांगितलंन ते सोन्यासारखं आहे, मी फक्त इथली बाजू सांगते. नणंद खोटं बोलत नाही, नवीन ओलेंना, म्हणजे बाहेरून इथे राहायला आलेल्या ज्यूंना, इथे खरंच सांभाळून घेतात. शाळेत हिब्रूचे जादा तास मिळतात, बारावीपर्यंत ज्या मोठ्या परीक्षा असतात, बग्रुत म्हणतात, त्यात नवीन आलेल्यांना जास्त वेळ, डिक्शनरी असं मिळतं. पण ते मिळतं नवीन आहे म्हणून, आणि माणूस काही जन्मभर नवीन राहत नाही. डिस्लेक्सियाच्या सवलती वेगळ्या खात्यात आहेत. पहिल्या पायरीला पाव पट वेळ जास्त, स्पेलिंगच्या चुका धरत नाहीत, अशा शाळेतच ठरतात. वरच्या पायरीला प्रश्न वाचून दाखवणं, तोंडी परीक्षा, त्याला वरची कमिटी बसते आणि कमिटीला कागद लागतात, टेस्टिंग लागतं, शाळेने आधी काय मदत केली त्याची नोंद लागते. अकरावीत जाऊन म्हणशील की याला लहानपणापासून आहे, तर विचारतील मग आजवर गप्प का होता.

शिक्क्याचं म्हणशील तर ती जुनी गोष्ट. इथे स्पेशल एज्युकेशनचा कायदा १९८८ चा आहे, २०१८ मध्ये तो बदलला तेव्हा कमिटीने पात्र ठरवलेल्या मुलांच्या आईबापांना हक्क मिळाला की मूल साध्या वर्गात मदत घेऊन बसवायचं की वेगळ्या वर्गात ते त्यांनी ठरवायचं. तुझ्या मुलाला साध्याच वर्गात ठेवतील, डिस्लेक्सियासाठी कुणी उचलून दुसरीकडे नेत नाही. शाळेत योएत्सेत असते, म्हणजे काउन्सेलर, पहिल्या आठवड्यात तिच्याकडे जा, नणंदेला घेऊन जा भाषेसाठी, पण बोल तू. आणि मत्या असं एक नाव ऐकशील, ते भागातल्या सगळ्या शाळांना स्पेशल टीचर पुरवणारं केंद्र.

हिब्रूबद्दल. आपल्या माणसांना एक फायदा आहे जो रशियाहून अमेरिकेहून आलेल्यांना नाही. अक्षराच्या खाली-वर स्वराच्या खुणा असतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत, काना मात्रा वेलांटी. हिब्रूत तसेच ठिपके आणि रेघा असतात, नेकुदोत. बावीसच अक्षरं, त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. ठिपके असलेलं तो पहिल्या काही महिन्यांत वाचायला लागेल आणि सगळे म्हणतील शाबास, बघ काही प्रॉब्लेम नव्हता. तिथे फसू नकोस. ते ठिपके फक्त लहान मुलांच्या पुस्तकात, प्रार्थनेच्या पुस्तकात आणि छापील तोरामध्ये. हायस्कूलच्या इतिहासाच्या सायन्सच्या पुस्तकात एकही ठिपका नाही, नुसती व्यंजनं, बाकीचं डोक्यातून भरायचं. आणि अंदाजाने ठोकून देणाऱ्या मुलाला अंदाज करायलाच लावणारी लिपी म्हणजे बघ.

मडगावचा गणितवाला
मावशी मस्त लिहिलंत. मी पोस्टडॉकला इस्राएलमध्ये हैफाला होतो फॅमिली घेऊन, मुलगी तिकडे प्रायमरीत होती, त्यावरून एक भर. वाक्य उजवीकडून डावीकडे पण आकडे आणि गणितं डावीकडून उजवीकडे. शाब्दिक उदाहरण असेल तर डोळा एका दिशेने येतो, मध्येच आकड्यापाशी उलट वळतो, परत मूळ दिशेला. साध्या मुलांना सवय होते, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत टीचरना आधीच सांगा की गणित येत नाही असं समजण्याआधी उदाहरण वाचून दाखवून बघा. आणखी गंमत म्हणजे लहान वर्गांत आणि धार्मिक शाळांत अधिकचं चिन्ह खालची दांडी नसलेलं काढतात, उलटा टी दिसतो, क्रॉससारखं दिसू नये म्हणून. पहिल्यांदा मुलीची वही बघितली तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलेलो हे काय नवीन ऑपरेशन.

म्हापशाची आई
देव बरं करो सगळ्यांचं. रिपोर्टचा नंबर लावला आजच. मिस्टरांनी मावशींचं वाचलं, "अकरावीत विचारतील गप्प का होता" यावर काही बोलले नाहीत, म्हणजे पटलंय, मी ओळखते.

मावशी एक विचारते. त्याचं बार मिट्झवा, म्हणजे तेराव्या वर्षी सगळ्यांसमोर तोरा वाचायचा विधी, आम्ही अलिबागला मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये केलं, इस्राएल आळीत सगळे नातेवाईक जमले. तोराची गुंडाळी म्हणजे बिनठिपक्यांची, आणि सुरावर वाचायची. आम्ही घाबरलेलो. आजोबांनी त्याचा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून पाठवला, इथे म्हापशात बाल्कनीत बसून रोज ऐकायचा, त्या दिवशी घडाघडा म्हणाला, लोकांना वाटलं वाचतोय. बोट ओळीवर ठेवलेलं होतं पण मला माहीत होतं तो वाचत नव्हता. म्हणून विचारतेय गेमाराचं काय होईल? ते असं पाठ करून भागणार नाही ना.

अश्दोदची मावशी
मजेल तोव त्याचं, उशिरा का होईना! आणि वाईट नको वाटून घेऊस, निम्मी मुलं असंच करतात, कानाने बसवतात आणि मग गुंडाळीवर बोट फिरवतात.

गेमाराचं खरं सांगते, पान उघडलं की मोठ्या माणसाचीही छाती दडपते. मधोमध मूळ मजकूर, तो हिब्रू आणि अरामी मिसळून, ना ठिपके ना पूर्णविराम ना प्रश्नचिन्ह. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं ते तुम्ही ओळखायचं. आतल्या बाजूला राशी नावाच्या जुन्या गुरूंची टीका, तिची अक्षरं वेगळ्याच वळणाची, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, ती त्यांच्या नंतरच्या पंडितांची टीका. म्हणजे तुझ्या मुलाला छापील हिब्रू, हाताने लिहायची हिब्रू आणि वर राशीचं वळण, एकाच भाषेचे तीन चेहरे. नुसतं पान समोर ठेवून वाच म्हटलं तर तो संपला.

पण गेमारा कुणी एकट्याने मुक्याने वाचत नाही गो. हेव्रुता असते, दोघांची जोडी, एक मोठ्याने वाचतो, दोघे मिळून भांडतात, हा म्हणतो असा अर्थ दुसरा म्हणतो छे. वर्ग म्हणजे नुसता गोंगाट. कानाने शिकणाऱ्या आणि तोंडाने वाद घालणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगली जागा नाही. मी ज्यांच्या बाजूला बसत असे त्यांतला एक मुलगा, एक ओळ धड वाचता येत नसे, पण जोडीदाराने वाचून दाखवलं की असा नेमका प्रश्न काढायचा की राव, म्हणजे शिकवणारे रब्बी, गप्प. इतिहासाच्या तासाला तोच मुलगा बाकावर डोकं ठेवून. म्हणून धार्मिक शाळा झेपेल का असं विचारू नकोस, शाळेला हे विचार: हेव्रुतामध्ये वाचणारा जोडीदार तुम्ही नेमून द्याल का, की मुलं आपापल्या जोड्या लावतात? आपापल्या लावल्या तर नवीन आणि अडखळणारा मुलगा शेवटी उरतो. हे मी बघितलंय आणि फार वाईट दिसतं ते.

दुसरं, ठिपके आणि विरामचिन्हं घातलेली, सोप्या हिब्रूत अर्थ दिलेली गेमारा मिळते, राव श्टाइनझाल्त्झ यांची. १९६५ मध्ये काम सुरू केलं आणि २०१० मध्ये पुरी केली. काही जुन्या वळणाचे मास्तर ती वर्गात चालवून घेत नाहीत, म्हणतात कुबडी आहे. आधीच विचारून घे, परीक्षेतही ठिपके घातलेला उतारा देणार का ते. तिसरं, दिवस लांब असतो, सकाळी प्रार्थना मग धार्मिक विषय मग बाकीचे. जादा हिब्रूचे तास आणि स्पेशल टीचरचे तास कुठून काढणार? बहुतेक वेळा खेळाचा नाहीतर चित्रकलेचा तास कापतात, ज्यात मूल चांगलं असतं नेमका तोच. ते होऊ देऊ नकोस.

आणि एखादा मास्तर कुरकुरलाच की किती वेळा तेच तेच सांगायचं, तर त्याला रब्बी प्रेदा आठवतात का विचार. तालमूदमध्ये, म्हणजे गेमारा ज्यात येते त्या ग्रंथात, एरुवीन नावाच्या भागात गोष्ट आहे, त्यांचा एक विद्यार्थी होता त्याला प्रत्येक धडा चारशे वेळा सांगावा लागे. एकदा चारशे वेळा सांगूनही येईना, विचारलं काय झालं तर म्हणाला तुम्हाला कुणीतरी कामाला बोलवलं ना, तेव्हापासून माझं लक्ष उडालं, वाटलं आता उठाल मग उठाल. रब्बी म्हणाले बरं, लक्ष दे, आणि पुन्हा चारशे वेळा सांगितलं. धार्मिक शाळेच्या मास्तरला हे माहीत असतंच, फक्त आठवण करून द्यायची.

साखळीकर
मी इतका वेळ नुसता वाचत होतो. मी स्वतः डिस्लेक्सिक, गोवा बोर्डातून लेखनिक घेऊन दहावी झालो, आता पणजीत ग्राफिक्सचं काम करतो. ताई, सगळ्यांनी सगळं सांगितलं पण मुलाला कुणी विचारलं का? माझ्या बाबतीत टीचर, आई, सायकॉलॉजिस्ट सगळ्यांच्या मीटिंगा व्हायच्या आणि मी बाहेर बाकावर. लेखनिक येणार हे मला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळलं, मला तर वाटलेलं मी नापास होणार म्हणून कुणीतरी आणलंय. १४ वर्षांचा आहे तो. त्याला त्याचा रिपोर्ट वाचून दाखवा, साध्या मराठीत, चांगलंवाईट सगळं. आणि हिब्रूत दोन वाक्यं पाठ करून घ्या त्याच्याकडून, मला वाचायला वेळ लागतो, वाचून दाखवलंत तर कळतं. कानाने बसतंय म्हणता ना, मग ही सगळ्यात आधी बसवा. बाथरूम कुठे आहे हे त्याच्यानंतर.

आणि चुलतभावंडांच्याच वर्गात टाकताय का? माझा मावसभाऊ माझ्याच वर्गात होता, घरी पोचायच्या आत माझे मार्क आजीला माहीत असायचे.

म्हापशाची आई
साखळीकर दादा, विचारलं आज. पहिली दहा मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला धार्मिक शाळा चालेल पण आत्याच्या मुलाच्या वर्गात नको, आणि जोडीदार वाचून दाखवणार असेल तर मग माझं काम काय, भांडायचं? म्हटलं हो. तर म्हणाला मग ठीक आहे. आता नणंदेला वेगळ्या वर्गाचं कसं सांगायचं तो वेगळा धागा काढावा लागेल :)

आता हिब्रू अक्षरं इथेच सुरू करू का? की चुकीचं काहीतरी बसेल म्हणून थांबू?

फोंड्याची रिसोर्स टीचर
सुरू करा पण रोज थोडं. लिपी कुठलीही असो नियम तोच, सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात शिकवायची नाहीत. कुठली सारखी ते मावशी सांगतील. आणि आधी तोंडी शब्द भरपूर येऊ देत, जो शब्द कानाला माहीत आहे तोच डोळ्याला ओळखता येतो, बिनठिपक्यांचं वाचायचंय म्हणजे तर जास्तच.

अश्दोदची मावशी
बरोबर. दालेत आणि रेश लांब ठेव, बेत आणि खाफ लांब ठेव, 'हे' आणि 'हेत' ही अक्षरं लांब ठेव, शेवटचा मेम आणि सामेख तर मलाही चष्म्याशिवाय सारखे दिसतात. शब्द शिकवताना मुळासकट शिकव, तीन अक्षरांचा शोरेश असतो, काफ-ताव-बेत म्हणजे लिहिण्याचं सगळं, मिख्ताव पत्र, कातव त्याने लिहिलं, मिख्तावा लिहायचं टेबल. मूळ ओळखता आलं की ठिपके नसले तरी शब्द हाताला लागतो, इथे स्पेशल टीचरही हेच करून घेतात.

आणि छापील अक्षरांच्या जोडीने हाताचं वळण पण थोडं थोडं दाखव, कारण इथे फळ्यावर मास्तर हाताच्या वळणात लिहितात, छापील कुणी लिहीत नाही, नवीन मुलं तिथेच बावचळतात. वह्या इथून आणू नकोस, इकडच्या उजवीकडून उघडतात, आल्यावर घे. जुन्या मराठी वह्या मात्र हँडबॅगमध्ये ठेव, चेक-इनमध्ये टाकू नकोस.